एकच चॅनल

१

ताईनं दुकानाचं शटर वर ढकललं, दिवा लावला, आणि कामाच्या टेबलावरचा कपडा काढतेय न काढतेय तोच एक म्हातारे गृहस्थ पायरी चढून आले. टॉवेलात काहीतरी गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. ताईला वाटलं, मांजर असणार. जनावरांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत होता आणि लोक हटकून चुकून इथेच यायचे.

"डिशचा बॉक्स आहे," टॉवेल काउंटरवर ठेवत ते म्हणाले. "काल संध्याकाळपर्यंत चालला. मग गेला."

"गेला म्हणजे काय झालं, काका? पुढचा दिवा तरी लागतो का?"

"दिवा..." काका घुटमळले. "दिव्याकडे कधी लक्ष दिलं नाही."

टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं ते दुकान मूळचं ताईच्या वडिलांचं, अण्णांचं. त्यांचे हात थरथरायला लागले तसं सोल्डरिंग तिच्याकडे आलं आणि अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा छाटू लागले. ताईला गप्पांपेक्षा यंत्रं बरी वाटायची. करंट पोचला तर चालतात, नाही पोचला तर बसून राहतात. रुसवे-फुगवे नाहीत, मागून बोलणं नाही.

तिनं स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत धुळीचा जाड थर होता. पॉवर सप्लायच्या बोर्डावरचा काचेचा फ्यूज काळाठिक्कर पडला होता. मोठा कॅपॅसिटर फुगून फुटला होता, त्यातलं पाणी सांडून वाळलं होतं आणि त्या हिरवट खारानं खालची तांब्याची पट्टी पार खाऊन टाकली होती. हे एका रात्रीत होत नाही. आणि या बोर्डावरून मुख्य बोर्डाकडे करंट नेणारी वायर? ती तर लावलेलीच नव्हती. नुसती लोंबत होती. तिच्या टोकावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि तो कोळीही केव्हाच मरून चुरा झाला होता.

"काका, तुम्ही चुकून माळ्यावरचा जुना बॉक्स आणलात."

"आमच्याकडे एकच आहे."

"हा कालपर्यंत चालू असणं शक्य नाही हो. हा कित्येक वर्षं बंद आहे."

"रोज बघतो आम्ही," काका म्हणाले. "ही तर दिवसभर बघते."

बोलताना त्यांची नजर ताईकडे नव्हती. उघड्या बॉक्सकडे होती. आणि तेवढं बोलून ते काउंटरपासून हळूच एक पाऊल मागे सरले.

२

ते गेल्यावर ताईनं बोर्ड बाहेर काढून अण्णांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, बोर्ड नाकाशी नेला. जळका वास येतो का ते बघायची त्यांची जुनी खोड.

"याला आता वाससुद्धा उरला नाही," ते म्हणाले. "हा बोर्ड मेलाय. आणि याचं वर्षश्राद्धही कोणी घातलेलं नाही."

"म्हातारे म्हणतात, काल संध्याकाळी चालू होता."

"वयाचा परिणाम. मीही काल तुला तुझ्या आत्याच्या नावानं हाक मारली."

"ते तुम्ही रोजच मारता."

अण्णा हसले. पण बोर्ड परत देताना पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितला त्यांनी, आणि ते ताईच्या नजरेतून सुटलं नाही.

खारानं पोखरलेल्या बोर्डाशी झटापट करण्यात अर्थ नव्हता. तिनं नवा पॉवर सप्लाय बसवला, जुना मोडीच्या खोक्यात टाकला. धूळ झटकली, वायर लावली, बटण दाबलं. बॉक्सवर हिरवा दिवा लागला. दुकानातल्या डिशला जोडल्यावर बातम्या, गाणी, क्रिकेट, सगळं धडाधड लागलं. काम संपलं.

काकूंचे गुडघे धरलेले, त्या जिना उतरत नाहीत आणि आम्हाला वायरी लावता येत नाहीत, असं काका सांगून गेले होते. म्हणून दुपारी जेवण उरकल्यावर ताई स्वतःच बॉक्स घेऊन निघाली.

३

इमारत जुनी पण नेटकी होती. काका-काकूंचं घर सगळ्यात वर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत जुना, पाठीला पोट असलेला काचेचा टीव्ही, आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या इतक्या जवळ ओढलेल्या की बसणाऱ्याचे गुडघे टीव्हीच्या टेबलाला लागावेत. भिंतीवर एकही फोटो नव्हता. मुलाबाळांचं घर नाही हे, ताईच्या मनात येऊन गेलं.

"या गं बाई, या," काकू म्हणाल्या. गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. खुर्चीतून उठता येईना तर बसल्या जागेवरूनच त्यांनी ताईचा हात धरला. "कधीची वाट बघतेय. घर नुसतं खायला उठलंय."

ताईनं वायरी जोडल्या. टीव्हीवर एक माणूस तावातावानं बातम्या सांगू लागला. काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय लावलंत?"

"बातम्या आहेत. बदलू का? तुमचं नेहमीचं चॅनल कोणतं?"

"आमचं एकच लागतं. तिचं."

ताईनं रिमोट दाबत सगळी चॅनलं फिरवली. काकू दरवेळी मान हलवत राहिल्या. शेवटी ताईनं विचारलं, "त्यात काय लागायचं, ते तरी सांगा."

"एक खोली आहे. त्यात ती असते," काकू म्हणाल्या. "कपड्यांच्या घड्या घालते, बटणं लावते, कधी नुसतीच बसते. आवाज नसतो, पण बघायला बरं वाटतं. हे निवृत्त झाले तेव्हापासून बघतोय आम्ही. तेव्हा अगदी तरणीताठी होती. आता कानाजवळ पांढरे झालेत."

"मालिका असेल हो एखादी."

"मलाही तसंच वाटायचं. पण मालिकेत बायका इतक्या सावकाश म्हाताऱ्या होतात का?"

ताईला हसू आलं. काकू मात्र हसल्या नाहीत.

"मी बोलते तिच्याशी. एकटं बसून काय करायचं? भाजीत मीठ जास्त झालं, यांनी छत्री हरवली, सगळं सांगते. ती मान हलवते." त्यांनी ताईचा हात घट्ट दाबला. "आणि काल काय झालं माहितीये? हातातलं काम ठेवून ती उठली. इतक्या वर्षांत कधी इकडे आली नव्हती. काल आली, अगदी पुढ्यात आली. आणि नेमका तेव्हाच मेला बॉक्स गेला! तुम्ही यात काहीतरी नवं घातलंत म्हणून ती लागत नाही. जुनं होतं ते परत घाला. एवढं करा माझ्यासाठी."

काका खिडकीजवळ उभे होते. ते बाहेरच बघत राहिले.

४

ताई जिना उतरायला लागली तसे काका मागोमाग आले. पहिल्या वळणावर त्यांनी तिला थांबवलं, वर नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"हिला सांगा, जुना पार्ट टाकून दिला. होत नाही म्हणा."

"काका, तो पार्ट परत बसवला तरी काही लागणार नाहीये. तो बंद आहे."

"बॉक्स आपोआप गेला नाही. मी बंद केला." त्यांनी कठडा धरला. "आधी बटण दाबलं, काही झालं नाही. मग बॉक्सचा प्लग उपटला, तरी चालूच. शेवटी डिशची वायर ओढून काढली, तेव्हा कुठे गेला. हिला हे ठाऊक नाही."

"पण का बंद केलात?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली.

"ती पुढे आली आणि तिनं काचेला हात लावला. आतून. तिच्या तोंडापाशी काचेवर वाफ धरली. हिला पाहिलंत ना तुम्ही? भिंतीला धरल्याशिवाय उभी राहत नाही. ही अशी सरळ उठली, आणि आपला हात पुढे करून काचेकडे निघाली." काकांनी पुन्हा वर पाहिलं. "मी हिला अडवू शकलो नसतो. म्हणून वायर ओढली."

ताईला भडभडून आलं. दोन म्हातारी माणसं, घरात तिसरं कोणी नाही, दिवस दिवस खाली कोणी उतरत नाही. माणसाचं मन अशा घरात काय काय रचत असेल! टीव्ही मात्र चांगला होता. डिशची वायर कधीकधी अँटेनासारखं काम करते, आजूबाजूच्या कुठल्यातरी घरातलं चित्र पुसट पकडते, एवढंही होऊ शकतं. बाकीचं यांनी दोघांनी मिळून रंगवलेलं.

"मी येते उद्या," ती म्हणाली. "जुना पार्ट तुमच्या दोघांसमोर लावून दाखवते. काही लागलं नाही की त्यांचीही समजूत पटेल आणि तुमचीही भीती जाईल."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं आजाऱ्याच्या घरचा माणूस घाईतल्या डॉक्टरकडे पाहतो. मग ते जिना चढू लागले.

संध्याकाळी तिनं मोडीतून तो बोर्ड काढला तेव्हा अण्णांनी विचारलं, "म्हातारा घाबरलाय ना?"

"घाबरलाय."

"मग नको करू."

"अहो अण्णा, मेलेल्या बोर्डाला काय घाबरायचं?"

"मी बोर्डाबद्दल बोलतच नाहीये," अण्णा म्हणाले. पण मग गिऱ्हाईक आलं आणि तो विषय तिथेच राहिला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी केस नीट विंचरून नवा स्वेटर घातला होता. पाहुणे यायचे असावेत तसा. काका खिडकीकडे तोंड आणि टीव्हीकडे पाठ करून बसले होते.

ताईनं जमिनीवर बैठक मारली आणि प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत केली. "हा बघा, नवा पार्ट काढला. हा तुमचा जुना. ही वायर लोंबत होती ना? तशीच लोंबती ठेवते. प्लगसुद्धा लावत नाही. आता टीव्ही लावते."

टीव्हीवर निळा रंग पसरला. नुसता निळा.

"बघितलंत?" ताई म्हणाली, आणि आपल्याला किती हायसं वाटलंय ते तिला त्याच क्षणी कळलं.

"डिशची वायर राहिली," काकू म्हणाल्या.

खरंच राहिली होती. बॉक्सच्या मागे ती जमिनीवर पडली होती. ताईनं टोक उचललं. खिडकीतल्या काकांची पाठ ताठ झालेली तिला दिसली. क्षणभर वाटलं, नको. पण आता हात आखडता घेतला तर आपणही यांच्यातलेच झालो. तिनं टोक बसवलं आणि पेच फिरवला.

निळा रंग गेला. खोली दिसली.

पुसट वगैरे काही नव्हतं. एखाद्या खिडकीतून समोरच्या घरात डोकावावं इतकं स्वच्छ. लाकडी खुर्ची, तिच्या बैठकीत रोज बसून पडलेला खळगा. बाजूला कपड्यांचा ढीग, अर्धा घडी केलेला, अर्धा विस्कटलेला. एका बाहीची घडी अर्ध्यावर सोडलेली. डावीकडून ऊन येत होतं. ताईनं नकळत इथल्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर आभाळ भरलेलं होतं, ऊन कुठेच नव्हतं.

शेजारच्या घरचं चित्र आहे, तिनं स्वतःला बजावलं. कुणीतरी कॅमेरा लावला असेल. असतात लोक तसे.

"ती कुठाय?" काकू म्हणाल्या.

खोलीत कोणी नव्हतं. खुर्चीच्या मागे एक दार होतं आणि ते सताड उघडं होतं.

"ते दार मी कधी पाहिलंच नव्हतं," काकू पुटपुटल्या. "ती पुढ्यात बसायची ना, म्हणून."

काचेवर, ताईच्या चेहऱ्याच्या उंचीवर, कसलातरी डाग होता. तिनं ओढणीच्या टोकानं पुसला. गेला नाही. बोटानं घासला. गेला नाही. मग तिच्या लक्षात आलं की तो डाग पाच बोटांचा आहे, आणि तो काचेच्या या बाजूला नाही.

तेव्हाच आतल्या खोलीतून आवाज आला. ओला कपडा वाळत घालण्याआधी झटकावा, तसा. फट्. मग काही क्षण शांतता, आणि पुन्हा फट्.

"घरात आणखी कोण आहे?" ताईनं विचारलं.

"कोणी नाही," काका म्हणाले. अजूनही त्यांनी मान वळवली नव्हती. "तिकडे बघू नका, ताई."

६

ती बघणार नव्हती. पण आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि डोळा तिकडे गेलाच. पलंगाचा कोपरा दिसत होता. पलंगावर काकांचे सदरे एकावर एक रचलेले, कडेला कड जुळवून. त्या चळतीवर एक हात आला. बायकी हात, कामानं रापलेला. त्यानं सगळ्यात वरच्या सदऱ्यावरची सुरकुती सावकाश, मायेनं सपाट केली आणि मागे गेला.

ताईनं डिशची वायर हिसडा देऊन उपटली. टीव्ही निळा झाला.

फट्, आतून आवाज आला. आवाज थांबला नव्हता. आणि वायर हातात घेऊन बसलेल्या ताईला पुढचा विचार टाळता आला नाही. आपण वाट बंद केली. पण येणारी तर आधीच आलेली.

काकू उठल्या. भिंत नाही धरली, खुर्ची नाही धरली. सरळ उठल्या. चेहरा असा उजळला होता की तो बघून कुणालाही आनंद व्हावा.

"आले गं," त्या आतल्या दिशेनं म्हणाल्या. "एकटीनं कशाला करतेस सगळं? थांब, मी आले."

"काकू!" ताईनं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो प्रेमानंच सोडवून घेतला, आत गेल्या, आणि दार लागलं. दार लावणारा हात काकूंचा होता की नव्हता, हे ताईला पुढे कधीच सांगता आलं नाही.

आतून काकूंचं बोलणं ऐकू येऊ लागलं. भाजीचं, छत्रीचं, गुडघ्यांचं. मध्येमध्ये त्या थांबत होत्या, समोरच्याचं ऐकण्यासाठी थांबतात तशा.

"काका, चला," ताई म्हणाली. "आधी तुम्ही बाहेर चला. मग माणसं घेऊन येऊ, काकूंना काढू."

आता काका वळले. ते रडत नव्हते, घाबरलेलेही दिसत नव्हते. फार दमलेले दिसत होते.

"हिला एकटीला टाकून कुठे जाऊ?" ते म्हणाले. "आयुष्य काढलं हिच्याबरोबर. तुम्ही जा, ताई. तुमची काही चूक नाही."

ते दार उघडून आत गेले. ताई हत्यारांची पिशवी तिथेच टाकून जिना उतरली.

७

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. थट्टा केली नाही, एकही प्रश्न विचारला नाही. काठी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "चल."

इमारतीशी पोचले तेव्हा लोक कामांवरून परतत होते, जिन्यात दिवे लागत होते. कुणाच्यातरी घरी कुकरची शिट्टी झाली. अण्णांना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागत होतं. त्यांच्या थांबण्यानं ताईचा जीव वर-खाली होत होता, आणि त्याच थांबण्याचा आधारही वाटत होता. सगळ्यात वरच्या मजल्याच्या अलीकडे त्यांचा श्वास पुरेना. "तू हो पुढे," ते कठड्याला टेकून म्हणाले. "मी इथून बघतोय."

तिनं बेल वाजवली. आत कुणीतरी चालत आलं. पावलं हलकी होती, दोघांपैकी कुणाचीच नव्हती. दार उघडलं ते हातभरही नाही. दाराच्या कडेवर चार बोटं दिसली. त्यामागे अंधार.

"काका आहेत?" ताई म्हणाली. "काकू?"

उत्तर लगेच आलं नाही. खूप दिवस न बोललेल्या माणसाचा घसा आधी साफ व्हावा लागतो, तसा काहीतरी आवाज झाला.

फटीतून ताईला बाहेरची खोली दिसत होती. दोन खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, एकावर एक. टीव्हीसमोर आता एकच होती, लाकडी, बैठकीत खळगा पडलेली. टीव्ही चालू होता. त्याचा उजेड निळा नव्हता, दिवा लावलेल्या खोलीसारखा पिवळा होता, आणि त्या उजेडात, काचेच्या आत, काहीतरी हलत होतं. दोन आकृत्या, शेजारी शेजारी, अगदी पुढे येऊन बसलेल्या. ताईनं मान वाकडी केली, पण दार तेवढंच पुढे लोटलं गेलं.

"आई-बाबा बरे आहेत," दारामागची बाई म्हणाली. आवाज साधा होता. कुठल्याही लेकीचा असावा असा.

"मला एकदा भेटू द्या त्यांना."

"कशाला त्रास घेता?" ती म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका. आता त्यांना मी बघते."

दार लागलं. आत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी सावकाश, आरामात बसलं.